टाचेखालची फळी

मी फळी बोलतेय. भिंतीवर डबे आणि पुस्तकं मिरवणाऱ्या फळ्या वेगळ्या, त्यांचा थाट वेगळा. माझी जागा कायम पायाखाली. त्यामुळे माणसांचे चेहरे मला उशिरा कळतात, आधी ओळख होते ती टाचांशी. मला त्याचं वाईट वाटत नाही. चेहऱ्यावर माणूस काय वाटेल ते आणू शकतो, टाचेला नाटक जमत नाही.

आधी मी पायरी होते. एका दुमजली घराच्या जिन्यात, खालून दुसरी. मुलं मला चुकवून थेट खाली उडी मारायची, आजोबा माझ्यावर आले की हमखास दम खायचे, आणि घरची सून भांडून वर जाताना सगळा राग माझ्यावर काढायची. मी बरीच वर्षं हे बिनतक्रार सोसलं. मग ते घर पाडलं, जिना मोडला, आणि आम्ही पायऱ्या रस्त्याच्या कडेला एकमेकींवर पडून राहिलो. आता चुलीत जायचं, असं आम्ही धरूनच चाललो होतो. तेवढ्यात एक शिडशिडीत गृहस्थ आले, प्रत्येकीवर बोटाने टकटक करून बघितलं आणि मला काखेत मारून घेऊन गेले.

हे मास्तर. त्यांची एक जिम होती. मालक तेच, शिकवणारे तेच आणि सकाळी केर काढणारेही तेच. त्यांचे वडील सुतार, त्यामुळे डंबेलच्या कपाटातल्या खालच्या खणात करवत, पटाशी, रंधा असा सगळा संसार मांडलेला. लोक त्यांची थट्टा करायचे की इथे अंग कमावता आलं नाही तर निदान सुतारकाम तरी शिकून जाल. मास्तर हसायचे आणि खिशातली पेन्सिल कानावर ठेवायचे.

त्यांनी मला तिरकं कापलं. एक कड चार बोटं जाड, दुसरी जेमतेम शाळेतल्या पट्टीएवढी. वरच्या अंगाला पटाशीने बारीक रेघा पाडल्या, पाय घसरू नये म्हणून. खालचं अंग मात्र साधं, सपाट ठेवलं. झाले मी तयार.

माझं काम समजायला सोपं आहे. पाठीवर वजनाचा लोखंडी बार घेऊन बैठक मारायची, म्हणजे जिममध्ये सगळे ज्याला स्क्वॉट म्हणतात ते करायचं, तर घोटा चांगला वाकावा लागतो. घोटा आखडलेला असेल तर माणूस खाली जायला लागला की टाच आपोआप वर येते. टाच वर आली की भार चवड्यावर, भार चवड्यावर गेला की गुडघे आत, पाठ पुढे, आणि बार म्हणतो चला मीही येतो. अशा वेळी टाचेखाली मला सरकवलं की घोट्याला तेवढी सवलत मिळते. छाती वर राहते, गुडघे बोटांच्या दिशेने जातात आणि माणूस सरळ खाली बसतो. नुसती खाली बसायची गोष्ट, पण मोठ्या माणसांना ती पुन्हा शिकावी लागते हे मी तिथे बघितलं.

पण मला विचारतंय कोण? फळी लागते म्हणजे काहीतरी उणं आहे, असा जिममध्ये सगळ्यांचा समज. त्यात तिथे पाऊणराव होते. बँकेत नोकरी, देह असा की बार टेकवायचा लोखंडी रॅक त्यांच्यापुढे बारीक वाटावा. बारला दोन्ही बाजूंनी इतक्या प्लेटा लावायचे की बार मधे वाकायचा. मग आरशासमोर उभे राहून मोठा श्वास घ्यायचे आणि पाऊण खाली जाऊन परत वर यायचे. पाऊणसुद्धा मी भिडेखातर म्हणतेय. मास्तर सांगायचे, वजन कमी करा, आणि समोरून नका बघू, बाजूने कोणाला तरी बघायला सांगा, म्हणजे किती खाली गेलात ते कळेल. पाऊणराव म्हणायचे की मला समोरूनच बरं दिसतं. त्यांनी एकदा मला पायाने ढकलून दाराशी नेलं आणि दार उघडं राहावं म्हणून माझा अडसर केला. तिथे मी बरेच दिवस धूळ खात पडले होते.

एका दुपारी त्या दारातून ड्रायव्हरबाई आत आल्या. डावा पाय टेकला, मग उजवा, आणि उजवी टाच टेकता टेकता थबकली. मला तेवढ्यावरून कळलं की या बाईंचा नि माझा संबंध येणार.

त्या शहरातली बस चालवायच्या. बरीच वर्षं, मोठी गाडी, गर्दीचा मार्ग. एकदा डेपोत उतरताना शेवटच्या पायरीवर पाय मुडपला आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण घोटा मात्र रुसून बसला. डेपोच्या डॉक्टरांनी त्यांना काही महिन्यांची मुदत दिली होती. मुदत संपली की बूट-मोजे काढून बसशेजारी उभं राहायचं, चाकाशी उकिडवं बसायचं, गाडीखाली नीट नजर टाकायची आणि कशाला न धरता उठायचं. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या पाहिजेत. टाच उचलली तर घोटा वाकत नाही, आणि ज्याचा घोटा वाकत नाही त्याच्या पायाखाली ब्रेक द्यायचा नाही, असा डॉक्टरांचा हिशेब. त्यात चूक काही नव्हतं. जमलं नाही तर तिकीटखिडकीची नोकरी तयार होती.

घरी थोरली बहीण होती, दोघी एकत्र राहायच्या. ताईंचं म्हणणं होतं की खिडकीवर बस, पंखा असतो, उन्हातान्हात फिरणं वाचेल, पुष्कळ केलंस. बाईंनी हे सगळं मास्तरांना सांगितलं आणि मग त्या जे बोलल्या ते मी दाराशी पडून ऐकलं.

"खिडकीवर काचेतून नुसते हात येतात हो. मला गाडी पाहिजे. वळण घेताना मागचं चाक कुठे आहे ते मला पाठीला कळतं. ते सोडून मी सुट्टे पैसे देत बसू?"

मास्तर दाराशी आले, मला उचललं, फडक्याने पुसलं. त्या दिवसापासून मी बाईंची झाले आणि मनाशी एकच धरलं. या बाईंची टाच एक दिवस जमिनीला टेकली पाहिजे, आणि मधे मी असता कामा नये.

सुरुवात भिंतीपासून झाली. मास्तर त्यांना भिंतीसमोर उभं करायचे, उजवा पाय पुढे, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगायचे. गुडघा पोचला की पाय थोडा मागे घ्यायचा आणि परत. पाय कुठपर्यंत मागे आला तिथे जमिनीवर खडूची रेघ. मग पोटरीचे ताण. मग मी. पहिल्यांदा बार नाहीच, एक डंबेल दोन्ही हातांत छातीशी धरायचं, पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, बोटं जरा बाहेर, पोटात श्वास भरून पोट घट्ट करायचं आणि खाली. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, या तीन ठिकाणी भार सारखा पाहिजे, हे मास्तर इतक्या वेळा सांगायचे की मलाही पाठ झालं.

घरी सरावाला त्यांनी मला पिशवीत घालून नेलं तेव्हा एक गंमत झाली. ताई म्हणाल्या, दुखणं उजव्या पायाला आहे तर फळी डाव्याखाली कशाला? औषध लागतं तिथेच लावावं. बाईंनाही ते पटलं. मला मधून बाजूला सरकवली आणि एकट्या उजव्या टाचेखाली घेऊन चार दिवस बैठका काढल्या. पाचव्या दिवशी कंबर धरली. जिममध्ये वाकड्या चालत आल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं, आणि खरं कळल्यावर कपाळाला हात लावला. एक चाक फुटपाथवर चढवून तुम्ही गाडी चालवाल का, एवढंच ते म्हणाले. ड्रायव्हरला आणखी काय सांगायचं? तेव्हापासून मी मुक्कामाला जिममध्येच राहिले आणि मला जागेवर ठेवण्याचं काम मास्तरांनी स्वतःकडे घेतलं.

काही आठवड्यांनी बाई रॅकमध्ये आल्या. रिकामा बार पाठीवर, दोन्ही बाजूंना कमरेखाली आडव्या सळया लावलेल्या, पडला तर बार त्यावर अडकावा म्हणून. माझ्यावर उभ्या राहिल्या की त्या व्यवस्थित खाली जायच्या, मांडी गुडघ्याच्याही खाली. एका सकाळी मास्तरांनी त्यांच्यासमोर रंधा काढला, माझ्या जाड कडेचं खालचं लाकूड थोडं तासलं आणि सांगितलं की आजपासून फळी जरा कमी. रंधा लागला तेव्हा मी दात खाऊन सोसलं. फळीला दात नसतात, पण बोलायची रीत तुमची आहे.

बाई उभ्या राहिल्या आणि मला त्यांच्या टाचा कळल्या. घाबरल्या होत्या. कमी झालेलं लाकूड कागदाच्या दोनचार घड्यांएवढं, पण त्यांच्या मनात ते विहिरीएवढं झालं. खाली जाताना अर्ध्यावरच उजवी टाच सुटली, तोल मागे गेला, बार सळयांवर आदळला आणि बाई खाली बसल्या. लागलं कुठेच नाही. पण आवाज एवढा झाला की सगळ्यांनी माना वळवल्या आणि पाऊणराव पाणी घेऊन धावले. बाईंनी पाणी घेतलं नाही. फळी होती तशी करा, एवढंच म्हणाल्या. तासलेलं लाकूड परत कसं लावणार?

मास्तरांनी त्या दिवशी एक गोष्ट ठरवली, आणि ती चुकीची ठरवली. बाईंना त्यांनी सांगितलं की आता फळीला हात लावणार नाही. आणि बाई घरी गेल्यावर, दर थोड्या दिवसांनी, ते मला मांडीवर घ्यायचे आणि रंध्याचा एक हलका हात मारायचे. खालच्याच अंगाला, जाड कडेकडून. वरच्या रेघा तशाच. इतकं हलकं की पायाला कळू नये. वर बाईंची नजर कायम समोर, ती सवय मास्तरांनीच लावलेली, त्यामुळे त्या कधी माझ्याकडे वाकून बघायच्या नाहीत.

मास्तरांचा हेतू चांगला होता, हे मी रंध्याखाली असूनही सांगेन. आणि उपाय लागूही पडत होता. मी चार बोटांची तीन बोटं झाले, तिनाची दोन, मग जेमतेम एक. बाईंचा घोटा दर आठवड्याला थोडा थोडा सैल होत होता, भिंतीपुढची खडूची रेघ मागे सरकत होती. पण रेघेकडे बाईंचं लक्ष नव्हतं. त्या एकच मोजायच्या, बैठक किती जड जाते. आणि बैठक पहिल्या दिवसाएवढीच जड जात होती. का जाणार नाही? घोट्याने एक पाऊल टाकलं की मास्तर खालून तेवढंच लाकूड काढून घेत होते. बाई पुढे जात होत्या आणि त्यांना वाटत होतं आपण जागच्या जागी आहोत.

मला हे त्यांच्या टाचांवरून कळत होतं. आधी त्या माझ्यावर ठाम उभ्या राहायच्या, आता नुसत्या उभ्या राहायच्या. एक दिवस त्या पाऊणरावांना म्हणाल्या की फळी तीच, मी तीच, बार तोच, देवाला काळजी. मला तेव्हा इतकं ओरडावंसं वाटलं. मी ती राहिले नाही हो, उचलून तरी बघा मला! पण फळीचं बोलणं कोणाला ऐकू जातं?

मग बाई यायच्या थांबल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मास्तर रोज मला रॅकमध्ये ठेवायचे आणि रोज उचलून परत कोपऱ्यात उभी करायचे. नंतर एके दिवशी त्या आल्या, साध्या कपड्यांत, व्यायामाचे बूट न घालता. मी खिडकी घ्यायचं ठरवलंय, डेपोत तोंडी सांगून आले, ताईला बरं वाटलं, असं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. मास्तरांचे आभार मानले. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे आल्या. एवढे दिवस पाय ठेवला, जाताना पुसून तरी ठेवते, असं म्हणत त्यांनी मला उचललं.

उचललं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. त्या जोर लावून उचलायला आल्या होत्या आणि मी एका हाताला सहज वर आले. त्यांनी मला उलटी केली. कडेवर बोट ठेवलं, एक, दुसरं ठेवायला गेल्या तर जागाच नव्हती.

"ही तीच फळी?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मान हलवली आणि सगळं सांगितलं. सांगताना ते रंध्याच्या कपाटाकडे बघत होते, बाईंकडे नाही.

"मी एवढ्याशा फळीवर बैठका मारत होते?"

"यायच्या थांबलात त्याच्या आधीचे पंधरा दिवस."

"आणि मला वाटत होतं माझ्याच्याने होत नाही. मी खिडकीला हो म्हणून आले, मास्तर."

"सांगून तासली असती तर तुमची टाच उचलली असती. त्या दिवशी बघितलं ना."

"उचलली असती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण जिममधला एकेक माणूस हातातलं वजन खाली ठेवत होता. "उचलली असती, मी पडले असते, उठले असते. पण कुठवर आले ते मला कळलं असतं. पाय माझा आहे. त्याचं काय चाललंय ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक, असं नाही चालणार."

मास्तर एवढेसे झाले. चुकलं माझं, असं ते सरळ म्हणाले. मला त्या क्षणी दोघांचाही अभिमान वाटला.

बाईंनी मला बाकावर ठेवलं, कपाट उघडलं आणि रंधा बाहेर काढला. इथून पुढे हा मी मारणार, म्हणाल्या. मग तिथूनच डेपोत फोन लावला आणि सांगितलं की माझं आधीचं बोलणं विसरा, मी परीक्षेला येतेय.

त्यानंतरचे दिवस मला आजही आठवतात. बाई रंधा मारायला लागल्या, पण हाताला ती कला कुठली! पहिल्याच वेळी एका बाजूने जास्त तासलं, मी डुलायला लागले आणि बाई बैठकीत उजवीकडे कलल्या. मास्तरांनी रंधा कसा धरायचा ते दाखवलं. माझं एक टोक दाबून धरायला कोणी तरी हवं होतं, ते काम पाऊणरावांकडे आलं. ते टोक धरायचे आणि भुशाने शिंकायचे. प्रत्येक तासणीनंतर बाई मला डोळ्यांसमोर धरून किती राहिले ते बघायच्या, मग माझ्यावर उभ्या राहायच्या. टाच उचलली तर उचलली म्हणायच्या, बार खाली ठेवायच्या, भिंतीशी जाऊन घोटा मोकळा करून यायच्या आणि परत. पडल्याही दोनदा. उठताना आता त्यांचं लक्ष कोण बघतंय याकडे नसायचं.

हे रोज जवळून बघून पाऊणरावांना काय झालं कोण जाणे. एके दिवशी त्यांनी बारच्या सगळ्या प्लेटा उतरवल्या, आरशाकडे पाठ केली आणि बाईंना म्हणाले, जरा बाजूने बघा. खाली गेले आणि जन्मात पहिल्यांदा पूर्ण खाली पोचले. तिथून वर मात्र येईनात. बार सळयांवर ठेवून ते जमिनीवर बसले आणि पोट धरून हसत सुटले. आता त्यांना काय म्हणायचं हा जिमला मोठा प्रश्न पडला.

परीक्षा आली तोवर मी दोन्ही कडांनी सारखी झाले होते, एक पातळ पट्टी. बाईंनी रंधा हातात घेतला तेव्हा मास्तरांनी थांबवलं. आता तासली तर चिरेल, म्हणाले. जे उरलंय ते रंध्याने जाणार नाही, तुम्हालाच सोडावं लागेल. बाईंनी ते ऐकलं, पण सोडलं नाही. माझ्याशिवाय करून बघा असं मास्तर म्हणाले की त्यांची उजवी टाच केसभर वर राहायची. केसभरच, पण राहायची. भीती कुठे तासता येते?

परीक्षेच्या सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं. डेपोच्या आवारात एक बस उभी होती, तिच्या मागच्या चाकाशी बाईंनी बूट-मोजे काढले, मला खाली टाकलं आणि माझ्यावर चारदोन बैठका मारून अंग गरम केलं. घोटा छान वाकत होता. तेवढ्यात डॉक्टर आले. वयस्कर, चष्मा कपाळावर, स्वभावाने बरे वाटले. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं, हे काय. बाईंनी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "फळीवर करायचं तर करा. एवढीशी तर आहे. फक्त मला आधाराने केलं असं सांगावं लागेल, आणि मग तुम्हाला खिडकी मिळेल. तीही नोकरीच आहे. ठरवा तुम्ही."

ते खोचून बोलले नव्हते, आणि त्यामुळेच ते जास्त अवघड होतं. बाई माझ्यावर उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही टाचांचा भार मला जाणवत होता, डावीचा थोडा जास्त. मी मनात एकच म्हणत राहिले, उतरा. बाई, उतरा आता.

त्या उतरल्या. पायानेच मला चाकाकडे सरकवलं. मी टायरला टेकून पडले, जमिनीच्या पातळीला, आणि माझ्यासमोर त्यांची उजवी टाच होती. इतक्या दिवसांत मी ती वरून अंगावर झेलली होती, बाजूने पहिल्यांदाच बघत होते.

बाईंनी पोटात श्वास भरला आणि खाली जायला लागल्या. छाती वर, गुडघे बाहेर. पाऊण गेल्या. त्याच्या खाली गेल्या. उकिडव्या बसल्या, आणि मला टाचेखाली उजेडाची एक बारीक रेघ दिसली. डॉक्टरांनाही दिसली असावी, कारण त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकले.

बाई उठल्या नाहीत. घाईही केली नाही. तिथेच बसून त्यांनी थोडा श्वास सोडला, परत घेतला, उजवा गुडघा करंगळीच्या बाजूला हळूच ढकलला आणि भार मागे नेला. ब्रेक दाबतात तसा, हळूहळू, धक्का न देता. रेघ बारीक झाली. आणखी बारीक झाली आणि मिटली. टाच जमिनीला टेकली. मधे काही नव्हतं.

मग त्यांनी मान वाकवून गाडीखाली बघितलं. सावकाश, पुढपासून मागपर्यंत. पाइपवर चिखल साचलाय, ठिबकत काही नाही, मागच्या चाकाला एक चपटी फळी टेकून पडलीय, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मग हात पुढे धरून त्या उठल्या. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा केलं. आणखी एकदा करा म्हणाले, तेव्हा आणखी एकदा केलं, आणि त्या वेळी टाच आधीपासूनच खाली होती.

चालवा गाडी, डॉक्टर म्हणाले.

बाईंनी मोजे चढवले, बूट बांधले. डोळे पुसले असावेत, मला नीट दिसलं नाही. एका साहेबांनी हाक मारली की हीच बस घेऊन आवारात एक फेरी मारून दाखवा. त्या लगबगीने पुढे गेल्या, दार वाजलं, इंजिन सुरू झालं, माझ्याशेजारचं चाक सावकाश फिरलं आणि बस निघून गेली. पिशवी त्यांनी नेली होती. मी तिथेच राहिले.

विसरल्या मला. मी उन्हात एकटी पडले होते आणि मला सांगता येणार नाही इतका आनंद झाला होता.

बस धुणाऱ्या माणसाने संध्याकाळच्या सुमारास मला उचललं. ड्रायव्हरांच्या खोलीत एक टेबल आहे, त्याचा एक पाय आखूड. रोज कोणाचा तरी चहा सांडायचा. त्याने मला त्या पायाखाली सारलं आणि टेबल हलायचं थांबलं. तेव्हापासून मी इथेच आहे. जाडीला तंतोतंत बसले, जणू एवढ्यासाठीच तासली होती. वर चहा पितात, वाद घालतात, कोणी डोकं टेकून डुलकी काढतो. माझ्यासमोरून दिवसभर बूट येतात आणि जातात.

बाईही येतात. फेरी संपली की याच टेबलाशी बसतात आणि दोन्ही पाय सपाट टेकवतात, माझ्यापासून वीतभर अंतरावर. परवा त्यांना मास्तरांचा फोन आला होता. जिममध्ये कोणी नवीन आला होता, घोटा आखडलेला, आणि मास्तरांना जुनी फळी हवी होती.

"हरवली हो," बाई म्हणाल्या. "आवारात फार शोधली नंतर. नवीनच करा एखादी, टोक धरायला मी येते. नाही, मला नाही लागत आता."

तेव्हा माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. तुमच्या टाचेखाली असं काही असेल तर लाजू नका, खुशाल उभे राहा. पण रंधा स्वतःच्या हातात ठेवा आणि किती उरलंय ते अधूनमधून उचलून बघा. आणि कधी त्या खोलीत चहाला बसलात, तर त्या टेबलाखाली काय आहे ते बाईंना सांगू नका. त्यांची गाडी सुटायची वेळ झालेली असते.